अडीच जावयांचा दाब

जी गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितली नाही ती आता लिहून टाकतो आहे. बोलायला गेलो की मी हवापाण्यावर बोलून परत येतो. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही. गोष्ट बायकोच्या मामांची आहे आणि माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याची आहे. अंगठ्याकडे मी सावकाश येईन, कारण तिकडे लवकर जायची माझी इच्छा नाही. आधी मामा. मुलुंडपासून गोराईपर्यंत पसरलेल्या आपल्या या उपनगरांत डब्याच्या पत्र्यावर मामांइतका विश्वास टाकलेला माणूस झाला नाही आणि होणार नाही. लोक कुलदैवतावर विश्वास टाकतात, थोरल्या मुलावर टाकतात, काही विमा कंपनीवर टाकतात. मामांनी तो बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर टाकला होता, आणि मी सांगतो, योग्य जागी टाकला होता.

आमची पहिली गाठ पडली ती माझ्या केळवणाला. माझ्या बायकोला आईवडील नव्हते, मामा-मामींनीच तिला मुलुंडला लहानाचं मोठं केलेलं. आता केळवण करायचं ते आपापल्या माणसांनी, मुलाकडच्यांनी मुलाचं आणि मुलीकडच्यांनी मुलीचं. पण मामांनी मुलीकडचे असून नवऱ्या मुलालाच केळवणाला बोलावलं. मामींनी रीत समजावून पाहिली, शेजारच्या भटजींकडून निरोपही आणवला, मामा ऐकेनात. मला वाटलं, केवढं हे प्रेम. मुलुंडला उतरलो तर मामा न्यायला आलेले. ते मला घरी न नेता थेट कोपऱ्यावरच्या वाण्याकडे घेऊन गेले आणि तांदळाची पोती तोलायच्या मोठ्या तराजूत बसवून माझं वजन केलं. मग घरी नेलं. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी असा बेत होता आणि मामा स्वतः आग्रह करकरून वाढत होते. हात धुतले तसे म्हणाले, "आता पुन्हा वाण्याकडे." मी पुन्हा तराजूत बसलो. वाण्यानं मला ओळखीचं हसू दिलं.

या सगळ्याचा उलगडा मागच्या पडवीत झाला. तिथे सायकलीला हवा भरायचा एक जाडजूड पितळी पंप उभा रोवलेला होता, त्यात तेल भरलेलं होतं आणि दट्ट्यावर एक फळी बसवलेली होती. पंपातून एक नळी निघून पितळी कड्यात बसवलेल्या पत्र्याच्या एका चकतीपाठी गेली होती. मामा म्हणाले, "या फळीवर उभे राहा. भिंत धरा, पण भिंतीवर भार टाकू नका. श्वास घ्या, पण बेतानं." होणाऱ्या सासरी नाही कसं म्हणायचं? उभा राहिलो. समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका होता, तो थरथरत वर सरकला. मामांनी पेन्सिलीनं खूण केली आणि समाधानानं म्हणाले, "झाला. एक जावई."

दारातून मामी म्हणाल्या, "अहो, लग्न लागायचंय अजून. जावई काय म्हणता?"

"मापाला लग्न लागत नाही," मामा म्हणाले. इतक्यात पंपाचं वॉशर सुटलं आणि आतलं तेल माझ्या नव्या गॅबर्डिनच्या पँटीवर गुडघ्यापर्यंत आलं. मामींनी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र ठिपका कुठवर जाऊन खाली आला तेच पाहिलं.

तर एक जावई म्हणजे केळवण जेवलेला मी. पुढचे जावई तांदळाच्या पोत्यांचे, माझ्या वजनाइतके तोलून घेतलेले. पाऊंड आणि चौरस इंच मामांना येत नव्हते असं नाही, चांगले येत होते. पण ते म्हणत, "तो विलायतेचा हिशेब. कुणी पाहिलाय तो पाऊंड? जावई आपल्या डोळ्यासमोर असतो." पुढे आमच्या नात्यात हे माप इतकं रुळलं की माझ्या चुलत मेहुण्याला कुणी रागावलेलं दिसलं की तो हळूच विचारी, "किती जावई?"

मामा फोर्टात एका जहाज-एजंटाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. इंजिनांशी त्यांचा संबंध म्हणजे इंजिनांच्या कागदांशी. एकदा कुठल्याशा बोटीवरचा इंजिनियर त्यांच्या टेबलावर एक कागद विसरून गेला. त्यावर पेन्सिलीनं एक बंद आकृती काढलेली होती, मोचीनं चामड्यावर बुटाचा साचा उतरवावा तशी, टाचेला उंच आणि पुढे निमुळती होत गेलेली. इंजिनियर कागद न्यायला आला तेव्हा मामांनी विचारलं, हे काय. तो म्हणाला, इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाळ होतो, त्या क्षणी आत दाब किती चढतो आणि कसा उतरतो, त्याचं हे चित्र. आणि हे चित्र काढणारं यंत्र विलायतेहून मखमलीच्या पेटीत येतं. मामांना रात्रभर झोप लागली नाही. बंद पोलादी सिलिंडर, आत वणवा पेटलेला, आणि त्या वणव्याची हालहवाल बाहेर कागदावर कळते. त्यांनी इंजिनियरकडून तो कागद मागून घेतला, चौकट करून देवघराशेजारी टांगला. मामींना ते श्रीयंत्राच्या जातीचं काहीतरी वाटलं. दसऱ्याला त्यांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं, आणि मामांनी वाहू दिलं.

तेव्हापासून मामांना जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसू लागल्या, आत दाब असलेल्या आणि नसलेल्या. आग्रा रोडवर उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रकच्या बॉनेटवर ते हात ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. पंजाबी ड्रायव्हर आधी चिडत, मग त्यांना हा कुणी पोहोचलेला पुरुष वाटे आणि ते गाडी निघेपर्यंत हात जोडून थांबत. एका लग्नात वरातीची मोटार घाट चढावा तशी धापा टाकत होती. मामांनी वरात थांबवली, बँडवाल्यांना गप्प केलं आणि बॉनेटला कान लावला. नवरी घोंगावणाऱ्या डासांत बसून राहिली. माणसांबद्दलही त्यांची बोली हीच. स्वभावानं तापट पण मनानं चांगल्या माणसाला ते "दाब बराच आहे, पण झडप शाबूत आहे" म्हणत. मामींबद्दल मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, आवाजावर जाऊ नका. ते नुसतं धुराड्याचं बोलणं असतं. आतलं इंजिन फार मऊ चालतं."

विलायती पेटी घेणं मामांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. आणि तिच्यावाचून अडलंय कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. मामींना एकदा चक्कर आली म्हणून डॉक्टर घरी आले, त्यांनी मामींच्या दंडाला फडकं गुंडाळलं, रबरी फुगा दाबला आणि दाब सांगितला. मामांनी बायकोची विचारपूस करायच्या आधी डॉक्टरांना धरलं. "म्हणजे काळजाचा दाब तुम्ही दंडावर फडकं बांधून सांगता. काळीज उघडत नाही, विलायतेला पाठवत नाही. मग इंजिनानंच काय पाप केलंय?" डॉक्टर म्हणाले, मी एमबीबीएस आहे, मला हे विचारू नका. फी न घेताच गेले म्हणतात, पण ती मामींनी सांगितलेली गोष्ट.

मामांची युक्ती अशी होती. एका पितळी कड्यात पातळ पत्र्याची रुपयाएवढी चकती ताठ बसवायची. इंजिनाच्या डोक्यावर, सुरू करताना आतली हवा सोडायला एक कॉक असतो, तिथून नळी काढून त्या चकतीच्या पाठीशी आणायची. आत दाब चढला की चकती केसभर फुगणार. केसभर फुगलेलं डोळ्याला दिसायचं कसं, तर चकतीवर काठेवाडी चणियाला, म्हणजे घागऱ्याला, लावतात तसला बारीक आरसा चिकटवायचा आणि त्यावर विजेरीचा झोत सोडायचा. चकती केसभर हलली की भिंतीवरचा ठिपका वीतभर हलतो. आरसा मधोमध नको, जरा कडेला हवा, नाहीतर तो नुसता पुढेमागे होतो, कलत नाही, हे कळायला मामांना एक अख्खा उन्हाळा लागला होता. आरसा शेजारच्या गुजराती बाईंनी दिला, तो चिकटवायची लाख कचेरीतली, फुटलं तरी पुन्हा करता येईल असं सगळं. खर्च झाला तो मामींचा. कारण चकतीसाठी पत्रा हवा, आणि पत्रा म्हणजे डब्यांची झाकणं. डालड्याचा पत्रा आळशी निघाला, पावडरच्या डब्याचा फार हळवा, एका बिस्किटाच्या डब्याचा मात्र सज्जन, जेवढा दाब तेवढंच वाकणारा आणि दाब गेला की मुकाट जागेवर येणारा. हे शोधून काढेपर्यंत घरातल्या एकूण एक झाकणाला रुपयाएवढं भोक पडलं होतं. मामी त्यावर केळीची पानं बांधत. त्या घरचा चिवडा कायम मऊ असे आणि लाडवांना मुंग्या कायम. "माझ्या घरात दाब मोजतात," मामी बायकांना सांगत, "पण टिकत काही नाही."

इंजिन होतं गिरणीवाल्या तात्यांचं. पाच रस्त्याच्या पलीकडे तात्यांची पिठाची गिरणी होती. मुलुंडला वीज केव्हाच आली होती, पण मालवणहून आलेल्या तात्यांचा विजेवर भरवसा नव्हता; ती जाते, तेल जात नाही, असं त्यांचं म्हणणं. एका सिलिंडरचं ते जुनं तेलाचं इंजिन धुराड्यावर डबा उपडा घालून पुक् पुक् करत दिवसभर चाले. मामा रविवारी सकाळी दळणाचा डबा एका हातात आणि आपला सरंजाम दुसऱ्या हातात घेऊन गिरणीत जात. नळीला ओलं फडकं गुंडाळत, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं. भिंत किती लांब हवी ते गाठ मारलेल्या दोरीनं मोजत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खुणा केलेल्या असत, एक जावई, दोन जावई, तीन, चार, पाच. ते कॅलेंडर भिंतीवर टांगत. आणि मग पिठाच्या त्या धुक्यात प्रत्येक पुक् सरशी ठिपका उडे आणि अडीच जावयांवर टेकून खाली येई. मी तो स्वतः पाहिला आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मला मुलुंडला नेलं ते हेच दाखवायला. बायका दळणाचे डबे रांगेत ठेवून बघत होत्या, आणि हाच तो एक जावई असं एकीनं माझ्याकडे बघून दुसरीला सांगितलं.

आणि हा खेळ नव्हता. तात्यांचं इंजिन सकाळी फार खोकायचं. मामांनी ठिपका किती पटकन वर जातो ते पाहून तेल सोडायची वेळ जरा मागे घ्यायला लावली, आणि खोकला गेला, तेलही कमी लागू लागलं. तात्या चकित. "मामानु, ह्यो तुमचो भिताडावरचो काजवो डॉक्टराच्या वरताण असा," असं ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. ते ऐकत ऐकत भांडुपकडच्या एका इंजिनाच्या कारखान्यातल्या एका तरुण इंजिनियरपर्यंत गेलं. तो एकदा येऊन पडवीतलं पाहून गेला आणि म्हणाला, "काका, चालत्या इंजिनावर पूर्ण लोडला दाखवा. बरोबर आलं तर मी आमच्या साहेबांना सांगून कारखान्यात लावून बघतो." मामांचं पुढचं सगळं तेव्हाच ठरलं. गोराईच्या कोळ्यांच्या होड्यांना तेव्हा नवीनच इंजिनं बसू लागली होती. मामा म्हणत, "भर समुद्रात इंजिन बसलं तर कोळ्यानं कुणाचा हात बघायचा? प्रत्येक होडीत एक चकती. झाकणाचा तर खर्च." स्वतःसाठी त्यांना काही नको होतं. आपला पत्रा कारखान्यात जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

पूर्ण लोड म्हणजे दिवाळीआधीचे दिवस. वर्षभरात गिरणीवर तेवढा भार कधी येत नाही. चकलीची भाजणी, अनारशाचं, बेसन, सगळं एकदम. मामांनी इंजिनियरला नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीचं दुपारचं बोलावणं केलं. आणि ती माझी पहिली दिवाळी, म्हणजे माझा दिवाळसण. मी अंधेरीहून सपत्नीक दोन दिवस आधीच येऊन पोचलो होतो. दिवाळसणाचा जावई म्हणजे काय हे आता सांगून कळायचं नाही. मला पाट, मला पहिला लाडू, मी उठलो की मामी उठणार, मी शिंकलो की आल्याचा चहा. आल्या दिवशी मामांनी मला वाण्याकडे नेलं, कारण लग्नानंतर मी जरा सुटलो होतो. तेवढ्याचा ताळमेळ लावून त्यांनी चकती नव्यानं मापून घेतली, कॅलेंडरवरच्या खुणा शाईनं पक्क्या केल्या आणि म्हणाले, "आता हिला हात लावायचा नाही. मापलेलं माणूस आणि मापलेला पत्रा, दोघांना छेडू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आंघोळीला गेले होते. मामी आणि बायको स्वैपाकघरात. मी पडवीत एकटा, पोट भरलेलं, करायला काही नाही. चकती समोर होती. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी कडं उचललं आणि चकतीवर अंगठा ठेवला. डब्याचं झाकण दाबलं की वाजतं तसं टक् वाजावं, एवढीच इच्छा होती. ते वाजलं. पण पुन्हा उलट वाजलं नाही. चकतीला मधोमध खळगी पडली, माझ्या अंगठ्याच्या मापाची.

खरं तर तिथेच हाक मारायची होती. मामा म्हणाले असते, "असू दे, दुसरी करू," आणि आम्ही पुन्हा वाण्याकडे गेलो असतो. पण दिवाळसणाचा जावई, नवं धोतर, कपाळाला गंध, आणि हातात मोडलेली वस्तू. मला लाज वाटली. शेजारच्या खोक्यात तशाच कापलेल्या चकत्या होत्या. मी स्क्रू सोडले, काडी ओढून लाख मऊ केली, आरसा काढून तिथल्या एका चकतीवर लावला, कडेला, जसा होता तसा, आणि कडं पुन्हा आवळलं. गोल तोच, चमक तीच. खळगी पडलेली चकती मी परसातल्या विहिरीत टाकली. बिस्किटाचा पत्रा कुठला आणि पावडरचा कुठला हे मला ओळखता येत नव्हतं, आणि ओळखावं असं तेव्हा सुचलंही नाही. मामा पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

दुपारी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत. तात्या घामानं आणि पिठानं लिंपलेले. "मामानु, काय मोजूचा ता मोजा, पण गिरण बंद पाडू नका. दिवाळीचा दळाण असा." इंजिनियर बुशशर्ट झटकत आला आणि मामांच्या मागे उभा राहिला. मामांनी दोरी लावली, कॅलेंडर टांगलं, ठिपका शून्यावर आणला आणि हलक्या हातानं कॉक उघडला.

ठिपका पाच जावयांच्या पार गेला, कॅलेंडर सोडून तात्यांच्या गणपतीच्या तसबिरीवर जाऊन आपटला आणि खाली आला. पुन्हा गेला. पुन्हा गेला.

मी मामांकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी वर्णन करणार नाही. अडीच जावयांचं इंजिन, पाचाच्या वर दाब, आणि चार हातांवर बायका डबे घेऊन उभ्या. त्यांनी ठिपक्यावर शंका घेतली नाही. आदल्या दिवशी स्वतः मापलेला पत्रा होता. ते ओरडले, "सगळ्यांनी बाहेर व्हा, इंजिन फुटतंय," आणि धावत जाऊन तेल तोडलं. पट्टा सटासट करत थांबला. गिरणी थांबली. एवढ्या आवाजाची सवय असलेल्या जागी इतकी शांतता झाली की रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

मग बायका बोलू लागल्या. एकीची भाजणी अर्धी जात्यात, अर्धी वर. दुसरीचं उपासाचं तिच्यात मिसळलं की काय म्हणून ती वेगळी कासावीस. तिसरी म्हणाली, "मामा, फुटायचं तर माझं झाल्यावर फुटू दे ना. पाहुणे यायचेत." तात्या पान्ह्यानं नळी उपटू लागले; रागाच्या भरात पान्हा असा बसला की कडं, चकती, आरसा सगळं चेपून एक गोळा झालं. मिस्त्री बोलावला. त्यानं दिवस मावळेपर्यंत इंजिनाचं डोकं उतरवून सगळं धुऊन पुसून पाहिलं. तडा नाही, चरा नाही. "खंय फुटला ता दाखवा माका," तात्या मामांसमोर उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दाखवा ना. कित्याक गप ऱ्हवलास?" मुलुंडच्या निम्म्या घरांत त्या वर्षी फराळाला चकली नव्हती.

इंजिनियर सज्जन होता. जाताना मामांना म्हणाला, "काका, आयडिया चांगली आहे. पण पत्र्याचं काय आहे, आज एक सांगतो, उद्या दुसरं. साहेबांना कसं सांगू मी?" मामा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मी दोघांच्या मध्ये उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तो इंजिनियर थांबला असता. मी मामांची विजेरी धरून उभा राहिलो.

घरी आल्यावर मामींनी विचारलं, "सकाळी कुणी हात-बित लावला नव्हता ना त्याला?"

मामा म्हणाले, "कोण लावणार? घरात तर जावईबापूच होते."

असं म्हणून तो विषय संपला. जावई घरात होता, म्हणजे कुणीच नव्हतं. मामींनाही ते पटलं, बायकोलाही पटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पहिलं तेल लागलं, पहिलं उटणं लागलं, आणि चांदीची वाटी मिळाली. मी ती घेतली.

मामांनी त्यानंतर झाकण कापलं नाही. तात्यांनी पुढच्या महिन्यात विजेची मोटार बसवली. इंजिनाचा वीट आला म्हणाले. बायकांनी मामींना काही दिवस विचारलं, "काय हो, आज दळायला मामांची परवानगी आहे ना?" मामी एरवी चिडून बोलणाऱ्यांतल्या; त्या वर्षभर भांडुपच्या गिरणीत डबा नेत राहिल्या, पायी. घरात नवे डबे आले, त्यांना झाकणं होती. चिवडा कुरकुरीत लागू लागला. एकदा तो खाताना मी तसं म्हणालो, तर मामी म्हणाल्या, "लागतो खरा. पण पूर्वी पडवीत कुणीतरी असायचं."

मामा निवृत्त झाले, चष्मा बदलला, ट्रकजवळून सरळ चालत जाऊ लागले. मी गेलो की चहा झाल्यावर मात्र हमखास तेच काढत. रागानं नाही, कोडं सुटत नाही म्हणून. "जावईबापू, तुम्ही होतात तिथे. कुठे चुकलं असेल हो? लाख तापली असेल? भिंत ओली होती?" मी म्हणे, "भिंतीचं असेल." मग ते मान हलवत. "नाही, भिंतीनं एवढं नाही होत. पत्राच. विलायती तो विलायती, आपण उगाच झाकणं खराब केली." शेवटच्या आजारात डॉक्टरांनी दंडाला फडकं गुंडाळलं तेव्हा मी उशाशी होतो. मामांनी किती ते विचारलं नाही. मी त्या दिवशीही बोलणार होतो. डॉक्टर गेल्यावर, मामी बाहेर गेल्यावर, चमचाभर पाणी देऊन झाल्यावर. मामांना झोप लागली.

गोराईला मागे एकदा कामानिमित्त गेलो होतो. धक्क्यावर एक होडी इंजिन बंद पडून उभी होती आणि एक म्हातारा कोळी त्यावर हात ठेवून नुसता बसला होता. मी तिथे बराच वेळ थांबलो. माझी तिथे काही गरज नव्हती.

मामी आहेत. त्याच घरात असतात, ऐकू जरा कमी येतं, बाकी ठणठणीत. मामांचा हिशेब चुकला होता असं त्या अजून समजतात, आणि त्यांना कुणी विचारलं तर जरा ओशाळून तसं सांगतात. हे छापून येण्याआधी एकदा मुलुंडला जाऊन यायचं मी ठरवलं आहे. ठरवायला मी कधीच मागे नव्हतो. मामांचं जे देणं होतं ते आता फिटायचं नाही. मामींचं देणं एवढंच आहे, की समोर बसून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, मामांचा पत्रा बरोबर होता, तो मी बदलला. ते मी अजून दिलेलं नाही.